हात लावू नका, फोटो व्हायचाय

निवृत्तीनंतर पुरुष काय करतील याचा अंदाज पुण्यात साधारण बांधता येतो. कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होऊन पाण्याच्या टाकीवर राज्य करतो, कुणी पहाटे टेकडीवरच्या हास्यक्लबात मोठमोठ्याने हसून येतो आणि घरी दिवसभर तोंड पाडून बसतो, कुणी वर्तमानपत्रांना पत्रं लिहितो. आमच्या ह्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी फक्त रक्तदाब वाढवला. आयुष्यभर बँकेत तपासनीस म्हणून दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. आता घरात चुका करणारं माणूस एकच, ते म्हणजे मी. एवढ्याशा कामावर इतक्या अनुभवी अधिकाऱ्याचं भागेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मन रमेल असं काहीतरी हातात घ्या. शांत वाटलं पाहिजे."

लेकीने तिचा जुना कॅमेरा त्यांच्या हातात ठेवला. "बाबा, खाण्याच्या पदार्थांचे फोटो काढा. माणसाला इतकं शांत वाटतं ना!"

कुठल्या माणसाला, ते तिने सांगितलं नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या माणसाला शांत वाटतं, हे आता मी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायला तयार आहे. पुढच्या माणसाला, म्हणजे ज्याच्या पुढ्यातली भाकरी गार होत असते त्याला, जे वाटतं ते इथे छापता येणार नाही.

या शास्त्रात पहिली गोष्ट उजेड. थेट ऊन नको, ट्यूबलाइट नको, डोक्यावरचा दिवा तर मुळीच नको. खिडकीतून गाळून आलेला, बाजूने किंवा मागून पडणारा उजेड हवा. समोरून उजेड टाकला की कोणताही पदार्थ आधार कार्डावरच्या फोटोसारखा दिसतो. बाजूने टाकला की पापडाचा फोड न् फोड उठून येतो. उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली, कारण तिथून ऊन सहसा आत येत नाही, नुसता उजेड येतो. आमच्या फ्लॅटमध्ये उत्तरेचा उजेड एकाच जागी आहे. ड्राय बाल्कनीत. आणि तिथे कपडे धुण्याचं मशीन आहे.

तेव्हा आमच्या घरचं ताट आधी मशीनच्या झाकणावर मांडलं जातं. खिडकीला माझी जुनी पांढरी ओढणी, उजेड मऊ करायला. पलीकडे थर्माकोलचा तुकडा, उजेड परतवायला. तो गेल्या वर्षीच्या गणपतीच्या मखराचा आहे, त्याच्या एका कडेला अजून सोनेरी वेल आहे. एकदा बटाट्याच्या रश्श्याचा फोटो चालू असताना मशीन नेमकं पिळायला लागलं. तो फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, रश्श्याला ही गती मुद्दाम दिलीत का?" मामांनी क्षणाचाही विलंब न लावता 'हो' लिहिलं.

उजेड चांगला असतो तो सकाळी दहाच्या सुमारास. आम्ही जेवतो एकला. आता स्वयंपाक उजेडाला धरून दहाला तयार असतो आणि जेवणं पोटाला धरून एकला होतात. मधल्या तीन तासांत त्या अन्नावर काय बेततं हे अन्नालाच ठाऊक.

त्यातल्या त्यात पुरी. टम्म फुगलेली पुरी हा बघायला मोठा देखणा प्रकार, पण तिचं सगळं रूप पोटातल्या वाफेवर. कढईतून बाहेर आली की वाफ निवते, पाणी होते आणि वरचा पापुद्रा खाली बसतो. म्हणजे गॅसपासून वॉशिंग मशीनपर्यंतचं अंतर पुरीने फुगलेल्या अवस्थेत कापायला हवं. आमच्याकडे पुऱ्यांच्या दिवशी जे चालतं ते असं: मी झाऱ्यावर पुरी घेऊन धावते, हे बाल्कनीतून "आण, आण, आण!" असे ओरडत असतात, मधल्या खोलीत सासूबाई पाय आवरून घेतात, आणि पुरी बरोबर उंबरठ्यावर तोंड पाडते. "गेली!" हे म्हणतात, क्रिकेटमध्ये झेल सुटल्यावर म्हणायच्या त्याच आवाजात. अखेर एक पुरी सापडते. फोटोत ती एकटी फुगलेली, शेजारी श्रीखंडाची वाटी, मागे धूसर तांब्या. सगळ्यांना वाटतं, काय बाई पुऱ्या करते ही! पंगतीला बसलेल्यांना मात्र बाकीच्या मिळतात.

धंदेवाईक लोक या कटकटीत पडत नाहीत. जाहिरातीतल्या फोटोंमागची लबाडी लेकीने एकदा सांगितली आणि सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली. दुधात पडलेले कॉर्नफ्लेक्स मऊ पडू नयेत म्हणून दुधाऐवजी पांढरा डिंक घालतात. पॅनकेकवरून ओघळणारा मध म्हणजे कित्येकदा इंजिन ऑइल, कारण मध पॅनकेकमध्ये मुरतो, ऑइल वर चमकत राहतं. दिव्यांच्या उष्णतेत न वितळणारं आइसक्रीम हवं? कुस्करलेल्या बटाट्याचे गोळे करा. कोल्ड्रिंकच्या ग्लासावरचे थेंब ग्लिसरीनचे, त्यातला बर्फ प्लॅस्टिकचा. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत तर भाज्या तळाशी बसू नयेत म्हणून बाऊलमध्ये चक्क काचेच्या गोट्या घातल्या होत्या. प्रकरण तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेलं आणि १९७० च्या सुमारास कंपनीला ते बंद करावं लागलं.

मी हे नीतिकथा म्हणून ऐकलं. ह्यांनी तंत्र म्हणून ऐकलं, ते मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. सासूबाईंनी वाढून घ्यायला पळी घातली आणि पातेल्यातून टण्णकन आवाज आला.

"आमटीत काय आहे गं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पंख्याकडे पाहिलं.

"वाटी आहे," हे म्हणाले. "उपडी घातलीय. शेंगा वर याव्यात म्हणून."

"शेंगा खाली असल्या तर पळीने वर येत नाहीत?"

तपासनिसाच्या उभ्या कारकिर्दीत ह्यांना इतका नेमका शेरा कुणी मारला नसेल. त्या दिवशी घरात नियम झाला: ज्याचा फोटो काढायचा ते पोटात गेलं पाहिजे. वाटी नाही, गोटी नाही, ग्लिसरीन नाही. इंजिन ऑइलचं नाव मी निघूच दिलं नाही. स्कूटर अजून आहे घरात.

खोटं करायचं नाही म्हटल्यावर ह्यांचं सगळं लक्ष भांड्यांवर गेलं. इथे जरा मागची हकिकत सांगायला हवी. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घरात पितळेची पातेली होती, कल्हईचे खर्च होते, चिंचेने घासून सोललेले हात होते. स्टील आलं तेव्हा त्यांनी ती सगळी भांडी मोडीत घातली आणि चकचकीत डब्यांची उतरंड घेतली. त्यांच्या आयुष्यातली ती मोठी सुटका होती. आता त्यांचा मुलगा दर रविवारी जुन्या बाजारात जाऊन तसलीच पातेली शोधतो. त्यांना पोचे असले तर दोन पैसे जास्त देतो. स्टीलमध्ये म्हणे सगळं प्रतिबिंब पडतं, फोटोत खिडकी, ओढणी आणि स्वतः छायाचित्रकार बनियनवर दिसतो. हे मात्र मला पटलं, कारण तसा एक फोटो खरंच ग्रुपवर गेला होता. तांबट आळीतून मठारकाम केलेलं तांब्याचं भांडं आलं. ठोक्यांमुळे त्यावर उजेड तुकड्यातुकड्याने पडतो, म्हणून. टवके उडालेली एनॅमलची ताटली आली. गोणपाट आलं. "गरिबी गेली म्हणून सत्यनारायण घातला होता आपण," सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "हा परत घेऊन आला."

भाजी आणायचं कामही ह्यांनी आपणहून घेतलं. हे ऐकून माझ्या मैत्रिणी हळहळल्या की असा नवरा आपल्याला नाही. त्यांनी वांगी बघितली नव्हती. वांगं घ्यायचं ते वजनाला हलकं, कोवळं, देठाला ताजं. हे घेतात ते तोंडावळ्यावर. चकाकणारी, काळी-जांभळी, एकाच उंचीची, देठ एकाच दिशेला झुकलेले. एकेक उचलून उजेडात धरतात, फिरवतात, खाली ठेवतात. मंडईतल्या मावशी एकदा शेवटी म्हणाल्या, "काका, भरीत करायचंय का लगीन लावायचंय?" ती वांगी घरी आली, फोटोत महाराण्यांसारखी बसली, आणि चिरली तेव्हा आत नुसत्या बिया.

हे झालं भाज्यांचं. खरा पेच पुढे आला, तो मराठी स्वयंपाकाच्या रंगाचा.

ह्या विषयावरची कुठलीही परदेशी चित्रफीत उघडा. लाल स्ट्रॉबेरी, हिरवी पुदिन्याची पानं, पांढरं क्रीम. आता आपल्याकडे या. आमटी तपकिरी. मटकीची उसळ तपकिरी. भरली वांगी काळपट तपकिरी. थालीपीठ खरपूस तपकिरी. डाळिंब्या करड्या, कुळथाचं पिठलं विटकरी, अळूचं फतफतं तर नावालाच जागतं. मिसळ तेवढी फोटोत उभी राहते, ती तिच्या तर्रीच्या जिवावर. बाकी आपल्या जेवणात जे जितकं चवीला उत्तम ते तितकं दिसायला सामान्य, असा माझा अनुभव आहे, आणि मी तो स्थळांच्या बाबतीतही मांडायला तयार आहे. वर कोथिंबीर भुरभुरली की झालं, असं लोक म्हणतात. पण ह्यांनी प्रत्येक फोटोत इतकी कोथिंबीर घातली की एका आत्याबाईंनी विचारलं, रोज एकच भाजी करता का?

आणि त्यात पिठलं. बेसनाचं, साधं, लसूण-मिरचीची फोडणी दिलेलं. त्याला आकार नाही, उंची नाही, कडा नाही. सरळ वरून फोटो काढा, पिवळा डाग. पंचेचाळीस अंशांत काढा, जाड डाग. हे कितीतरी दिवस त्या पिठल्यापुढे हरत होते. रक्तदाब तेवढा आश्चर्यकारकरीत्या उतरत होता.

धीर त्यांना मिळाला तो चारशे वर्षांपूर्वीच्या डच चित्रकारांकडून. सतराव्या शतकात हार्लेम शहरात पीटर क्लास आणि विलेम हेडा या मंडळींनी खाण्याच्या टेबलांची चित्रं काढली, आणि त्यांत रंग म्हणाल तर जवळजवळ सगळे तपकिरी नाहीतर राखाडी. पाव, मासा, कथलाची ताटली, काचेचा पेला, त्या पेल्यात खिडकीचं प्रतिबिंब. "बघ," हे मला संगणकापुढे बसवून म्हणाले, "रंग लागतच नाहीत. उजेड कुठे थांबतो ते बघ." मी बघितलं. अर्धवट सोललेलं लिंबू, साल टेबलाच्या काठावरून लोंबतंय. पेला आडवा पडलेला. पाव तोडून टाकलेला. आमच्याकडे याला पसारा म्हणतात आणि तो करणाऱ्याला बोलणी बसतात. पण ताटलीच्या कडेवर जो उजेड होता, तो मात्र खराच होता.

मग कॅमेरेवाल्यांची वंशावळ निघाली. फोटोग्राफीची घोषणा जगाला झाली १८३९ मध्ये. तिला सहा-सात वर्षं होतात न होतात तोच इंग्लंडच्या टॅल्बटने अननस आणि फळांच्या परड्या मांडून फोटो काढला होता. मला त्यात नवल वाटलं नाही. तेव्हा फोटोला वेळ फार लागायचा, आणि अननस मध्येच "झालं का?" म्हणत नाही. दुसरा एडवर्ड वेस्टन. त्याने १९३० साली कॅलिफोर्नियात एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला. तो 'पेपर नंबर ३०' या नावाने जगप्रसिद्ध आहे, आणि क्रमांकावरूनच कळतं की आधी बऱ्याच मिरच्यांनी सेवा केली. फोटोत ती मिरची वाटतच नाही. पाठमोरा वाकलेला पैलवान वाटतो. काम झालं की वेस्टन ही मॉडेलं खाऊन टाकायचा. सासूबाईंना या सगळ्यात तोच माणूस आवडला. "वाया नाही घालवलं," म्हणाल्या.

विज्ञानही दोन्ही बाजूंनी मैदानात उतरलं. पदार्थाचा फोटो काढून मग खाल्ला की, विशेषतः गोडधोड असेल तर, तो जास्त चविष्ट लागतो, असं सांगणारा २०१६ चा एक शोधनिबंध ह्यांनी मला वाचून दाखवला. मध्ये जो थोडा वेळ थांबावं लागतं त्याने गोडी वाढते म्हणे. लेकीने मला गुपचूप दुसरा पाठवला. त्यात लोकांना आधी खारट पदार्थांचे पुष्कळ फोटो दाखवले आणि मग शेंगदाणे खायला दिले, तर त्यांना ते शेंगदाणे कमी आवडले. म्हणजे काढणाऱ्याची चव वाढते आणि बघणाऱ्याची उतरते. आमच्या घरात हे विनाअनुदान सिद्ध झालं होतं.

तोडगा काढला तो सासूबाईंनी, तोही रागाच्या भरात. श्रावणातला शुक्रवार, पुरणावरणाचं पान. ह्यांनी ते स्टुलावर चढून बरोबर वरून टिपलं आणि कौतुकाने आईला दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "हे कुणाचं पान? चटणी-कोशिंबीर उजवीकडे आणि भाजी डावीकडे? मीठ खाली, भात वर?"

"आई, मी समोरून काढलाय. पलीकडून."

"पलीकडून कोण जेवतं?"

याला उत्तर नाही. मला तेव्हाच जाणवलं की आपल्या पानाची मांडणी काही साधीसुधी नव्हे. वर मधोमध मीठ, शेजारी लिंबाची फोड, डावीकडे चटण्या-कोशिंबिरी-लोणचं, उजवीकडे भाज्या, खाली मधे भाताची मूद, त्यावर वरण, वरणावर तूप. डावीकडचं चिमटीने घ्यायचं, उजवीकडचं हाताशी हवं म्हणून सगळं आपापल्या जागी. ही चौकट कॅमेऱ्याच्या किती आधीची आहे, आणि ती जेवणाऱ्याच्या नजरेने बांधलेली आहे. फोटोची चौकट असते जो जेवणार नाही त्याच्यासाठी.

"आणि आता ऐक," सासूबाई म्हणाल्या, "एक पान फोटोचं वेगळं वाढायचं. गाईला वेगळं काढतो ना, तसं. बाकीची पानं गरम गरम बसतील. ज्याला फोटो हवा त्याने ते पान नंतर खावं."

तेव्हापासून आमच्या घरात खरी शांतता आहे. आम्ही दोघी वाफाळती आमटी भुरकतो, आणि बाल्कनीत हे आपल्या गार आमटीशी एकटे असतात. कलेची किंमत कलावंतानेच मोजायची, हे तत्त्व मला फार आवडलं.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. मी एकदा त्यांना जेवायला बोलवायला गेले तर हे मशीनवर वाकून, कॅमेराही हातात न घेता, नुसते बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने ताटाकडे बघून जेवल्याचं मला आठवत नाही. पुढ्यात पेपर असायचा, नाहीतर बातम्या. भोपळा आहे की दुधी, हे विचारलं तर पंचाईत व्हायची. "इकडे ये," म्हणाले. आमटीवर फोडणीच्या तेलाच्या चकत्या तरंगत होत्या. लहान, मोठ्या, हिंगाने जरा पिवळट, एखादीत मोहरीचा दाणा अडकलेला. मी खाली वाकले. प्रत्येक चकतीत आमची खिडकी दिसत होती, गजांसकट, आणि मोठ्या चकतीत तर दोरीवर वाळत घातलेला टॉवेलसुद्धा. दोन चकत्या हळूहळू जवळ आल्या आणि त्यांची एक झाली, तशी दोन खिडक्यांची एक खिडकी झाली. ही आमटी मी जन्मभर करत आले आहे.

"तेल जास्त पडलंय," मी म्हणाले आणि आत गेले. पण बराच वेळ उभी होते तिथे.

या माणसाला आता पडवळाच्या चकतीची कातरलेली कड माहीत आहे. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ आधी घातलं की पाणी सुटून दाण्याचं कूट विरतं, हेही माहीत आहे. याची दुसरी बाजू अशी की "आज हळद जरा कमी वाटते" असले शेरेही यायला लागले आहेत. तपासनीस तो तपासनीस.

पिठलं शेवटी जमलं. ते वरून नाही, बाजूनेही नाही, एकदम जवळून, संध्याकाळच्या तिरप्या उजेडात. कढईत नुकतंच बसलेलं पिठलं, वर आलेले बुडबुडे फुटून पडलेले खळगे, पळी ओढल्याच्या लाटा, लाटांच्या एका अंगाला सावली आणि मधून लाल मिरचीचा एक तुकडा. ह्यांनी तो फोटो मोठा करून, चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला.

गेल्या आठवड्यात ह्यांचे जुने साहेब सपत्नीक आले. चहा झाला. साहेब उठून फोटोपुढे उभे राहिले, हात मागे बांधून.

"वा! जैसलमेर का?"

ह्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते त्यांच्या बढतीच्या दिवशीही उमटलं नव्हतं. "नाही हो. पिठलं."

साहेब पुढे वाकले. चष्मा कपाळावर सरकवला. मिरची ओळखली. मग बायकोकडे बघत, जरा चाचरत म्हणाले, "आमच्याकडे हल्ली होतच नाही. सून ओट्स करते."

झालं. रात्री नऊ वाजता मी बेसन कालवलं, भाकऱ्या थापल्या, कांदा बुक्कीने फोडला. पानं मांडली तोवर हे थर्माकोल काखेत मारून आणि कॅमेरा गळ्यात अडकवून हजर. साहेबांनी पहिला घास मोडायला हात पुढे केला आणि ह्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "साहेब, एक मिनिट, हात नका..."

"जेवा हो तुम्ही," सासूबाई साहेबांना म्हणाल्या, आणि आपलं ताट लेकाच्या दिशेने सरकवलं. "घे. हे काढ. पण माझ्या बाजूने उभा राहून काढ."